तेलातल्या अक्षता

गिऱ्हाईक गाडी बंद पडते म्हणून सांगत आलं की मी एकच प्रश्न विचारायचो, "पळताना का थांबताना?"

पळताना बंद पडणारी गाडी सरळ स्वभावाची असते. पेट्रोल संपलेलं असतं, पंप गेलेला असतो, नाहीतर एखादी वायर तुटलेली असते. जे गेलंय ते शोधायचं, बदलायचं आणि हात धुवायचे. थांबताना बंद पडणारी गाडी मात्र आतल्या गाठीची. ती साठच्या वेगानं नाक्यापर्यंत झकास येते, आणि पाय काढून ब्रेक दाबला की मान टाकते. चावी फिरवली की लगेच चालू, जसं काही झालंच नाही. गॅरेजात आणावी तर दिवसभर शहाण्यासारखी घुरघुरत उभी राहते आणि गिऱ्हाईकाला खोटं पाडते.

लातुरात तीसेक वर्षं मी गॅरेज चालवलं. गुडघ्यांनी नकार दिला म्हणून दोन वर्षांपूर्वी बंद केलं. या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. त्यांची गाडी मी पंधरा वर्षं चालू ठेवली, त्याचा सूड म्हणून ते मला लिहायला लावतायत. अनुभव लिहा म्हणाले. मी विचारलं, किती? ते म्हणाले, एक चांगला. म्हणून हा एक लिहितोय. चांगला आहे का ते शेवटी बघा.

आधी थोडं इंजिनाबद्दल. इंजिनाला पेट्रोल लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, हवा लागते हे फार थोड्यांना. हवेच्या वाटेत एक गोल झडप असते. तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता तेव्हा खरं तर ती झडप उघडता. पाय काढला की ती मिटते. मग गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन श्वास कुठून घेतं? त्यासाठी झडपेच्या बगलेला करंगळीही शिरणार नाही एवढं एक छिद्र ठेवलेलं असतं. तिथून मिळेल तेवढ्या हवेवर इंजिन हळूहळू फिरत राहतं. याला आम्ही 'स्लो' म्हणतो. ते छिद्र बुजलं किंवा भलत्याच ठिकाणाहून हवा शिरायला लागली, की गाडी स्लो धरत नाही आणि थांबायला गेली की बंद पडते. दुखणं एवढंच. पण ते नेमकं कुठं आहे हे शोधण्यात माझे तळहात काळे झाले.

एका डाळमिलच्या मालकांची गाडी ब्रेक दाबला की बंद पडायची. चार मिस्त्री झाले, पेट्रोलचा पंप दोनदा बदलून झाला. मालक हुशार माणूस. ब्रेकनं बंद पडते ना, मग ब्रेकच नको, असं त्यांनी ठरवलं. घरापासून मिलपर्यंत कुठं चढ आहे, कुठं पाय काढला की गाडी आपोआप मंद होते, हे पाठ करून ते सहा महिने ब्रेक न लावता मिलला येत होते. माझ्याकडं आणली तेव्हा मी नुसतं इंजिन चालू ठेवून पायानं ब्रेक दाबला आणि कान दिला. आतून सूं असा आवाज आला. ब्रेकला जोर देणारा एक डबा असतो, तो इंजिनाच्या ओढीवर चालतो. त्यातलं रबर फाटलं होतं. ब्रेक दाबला की तिथून भसकन हवा शिरायची आणि इंजिन गुदमरायचं. डबा बदलला. मालक ब्रेक लावत मिलला जायला लागले आणि पहिल्या आठवड्यात त्यांना मागून दोघांनी धडक दिली. ते थांबतात याची रस्त्यावर कुणाला सवय राहिली नव्हती.

ती गाडी या तक्रारीसाठी परत आली नाही. आमच्या धंद्यात हीच पावती. मिस्त्रीला कुणी सर्टिफिकेट देत नाही. गाडी परत आली नाही म्हणजे बरी झाली, असं समजायचं. मी आयुष्यभर तसंच समजत आलो. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा.

आणखी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. पहिली लेटरहेडची. गॅरेज काढलं तेव्हा प्रेसवाला म्हणाला, हजाराच्या खाली छापत नसतो. त्यामुळं माझ्याकडं हजार लेटरहेड आली. डावीकडं पाना, उजवीकडं चाक, मधे माझं नाव. मिस्त्री माणूस पत्र लिहिणार कुणाला? दहा-बारा वापरली असतील. बायकोनं बरीचशी डब्यांच्या तळाला घातली. उरलेला गठ्ठा गॅरेजच्या कपाटात तसाच राहिला.

दुसरी गोष्ट खंडेनवमीची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी अवजारं धुऊन पुसून पोत्यावर मांडायची, हळदीकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं वाहायची, नारळ फोडायचा. त्या दिवशी गॅरेजात ज्या गाड्या असतील त्यांचीही पूजा होते. हे सगळीकडं आहे. माझी पद्धत मात्र जरा वेगळी होती. मी काम शिकलो नांदेडला, बलबीर उस्तादांच्या हाताखाली. सरदारजी माणूस, हळदीकुंकवाशी त्यांचा संबंध नव्हता, पण आमची पूजा ते शेजारी हात बांधून उभं राहून बघायचे आणि चुका काढायचे. "रंग की पूजा क्या करता है, मशीन की कर," म्हणायचे. म्हणून मी बोनेट उघडून थेट इंजिनावर पूजा करायचो. एकदा मी पाण्यात अक्षता भिजवायला लागलो तर त्यांनी हात धरला. "लोहे को पानी? तेल दे." तेव्हापासून माझ्या अक्षता नव्या इंजिन ऑईलमध्ये भिजवलेल्या असायच्या. अख्ख्या लातुरात तशा अक्षता कुणी करत नव्हतं. मला त्याचा अभिमान होता.

आता बिराजदार मॅडम.

बिराजदार मॅडम जळकोटकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. राहायला लातुरात, रोज अपडाऊन. बिराजदार सर होते तोवर गाडी सर चालवायचे आणि मॅडम डावीकडं पर्स मांडीवर घेऊन बसायच्या. सर गेले. पांढरी छोटी पेट्रोल गाडी वर्षभर घरापुढं धूळ खात उभी राहिली. मग एक दिवस मॅडम स्वतः ती चालवत माझ्या गॅरेजात आल्या. वय बावन्न. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन, वहीत टिपणं काढून शिकल्या होत्या. गाडी अशी लावली की दोन्हीकडं सारखी जागा सुटली. माझ्या फाटकातून कुणी तशी गाडी आत आणलेली मी तोवर बघितली नव्हती.

"व्यंकटराव," त्या म्हणाल्या, "दोन एसट्या बदलून शाळेत पोचेपर्यंत प्रार्थना होऊन जाते. मुख्याध्यापकच प्रार्थनेला नसेल तर बाकीच्यांना कुठल्या तोंडानं बोलायचं?"

त्यांचं सगळं त्या प्रार्थनेवर होतं. पुढची दोन वर्षं त्या एकदाही प्रार्थनेला चुकल्या नाहीत. शाळेतल्या गुरुजींनाही मग नाइलाजानं वेळेवर यावं लागलं.

तिसऱ्या वर्षी नवरात्रात त्यांनी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. दसऱ्यानंतर घेऊन गेल्या. दिवाळीची सुट्टी संपली, शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांनी त्या आल्या.

"थांबताना बंद पडते," त्या म्हणाल्या. मी न विचारताच.

मी गाडी बाहेर काढली, त्यांना शेजारी बसवलं. औसा रोडनं गेलो, चार ठिकाणी थांबलो. गाडी बंद पडली नाही. "आता तुम्ही चालवा." त्या बसल्या. पहिल्याच चौकात त्यांनी पाय काढला, क्लच दाबला, ब्रेक दाबला आणि गाडी बंद. पुन्हा चालू केली, पुढच्या गतिरोधकाला पुन्हा बंद. मी जागा बदलली. माझ्या हातात गाडी मलईसारखी चालली.

परत येऊन सगळं बघितलं. प्लग, वायरी, पंप. शेजारच्या गाळ्यातले इलेक्ट्रिशियन खाजाभाई दोष शोधायचं मशीन लावून बसले. मशीन म्हणालं, दोष नाही. खाजाभाई म्हणाले, मशीन झूट नाही बोलती. मग राहिलं कोण? मी हात पुसत मॅडमपुढं जाऊन उभा राहिलो आणि बोललो.

"मॅडम, गाडीत कायबी न्हाई. पायाचं हाय."

"म्हणजे?"

"तुमी एकदम पाय काढून घ्यायलाव. थांबताना थोडी रेस ऱ्हाऊ द्यावी लागती."

"ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी तर सांगितलं होतं की ब्रेक लावताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढायचा."

"शाळेतलं वेगळं, मॅडम. रोडवरचं वेगळं."

हे मी एका मुख्याध्यापिकेला सांगितलं. पर्समधून एक छोटी वही काढून त्यात त्यांनी काहीतरी लिहिलं आणि गेल्या.

रेस म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडं गाडी शिकलेला प्रत्येक पुरुष एक गोष्ट कुणी न शिकवता शिकतो. थांबताना पायाचा चवडा ब्रेकवर ठेवायचा आणि त्याच पायाच्या कडेनं ॲक्सिलरेटर हलकासा दाबत राहायचा. घुंग, घुंग. जुन्या जीपा, जुने ऑटो स्लो धरत नसत, तेव्हाची ही खोड. गाड्या सुधारल्या, खोड तशीच राहिली. आता ती आपण करतो हेही आपल्याला कळत नाही. मलाही कळत नव्हतं. मॅडमना मी जी रेस द्यायला सांगत होतो ती माझ्या मते ज्याला गाडी येते त्याची कला होती.

त्या महिन्यात त्या आणखी दोनदा आल्या. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं, दुसऱ्या वेळी जरा मोठ्यानं. त्यांचा मुलगा अभिजित लातुरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. तोही बरोबर आला होता. त्यानं स्वतः गाडी चालवून बघितली, बंद पडली नाही. मग त्यानं आईला पायाचा वेग, इंजिनाचे फेरे आणि मेंदूला लागणारा वेळ यांचं गणित समजावून सांगितलं. "आई, वयानुसार रिफ्लेक्स मंदावतात, त्यात काही कमीपणा नाही," असं तो म्हणाला. मी मान डोलावली. कशाला डोलावली, ते मला आजही सांगता येत नाही. फिजिक्स मला येत नव्हतं, गाडी मला येत होती, आणि दोघांचं एकमत झालं होतं.

त्यानंतर मॅडम आल्या नाहीत. मी समजलो, पाय सुधारला.

जानेवारीत अभिजित एकटाच गाडी घेऊन आला. "मिस्त्री, एकदा नीट धुऊन-पुसून, तेलपाणी बघून द्या. विकायची आहे. इस्लापूरचे एकजण रविवारी न्यायला येणार आहेत."

"मॅडम?"

"आई एसटीनं जाते. आता गाडीला हात लावत नाही ती."

त्याच आठवड्यात माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर एका जीपचा ब्रेक ड्रम पडला होता. अंगठ्याला हे एवढं मोठं बँडेज, पायात स्लिपर. शनिवारी सकाळी मी तशाच पायानं ती पांढरी गाडी ट्रायलला बाहेर काढली. ब्रेक दाबता येत होता, पण पाय तिरका करून रेस द्यायला गेलो की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. म्हणून निमूटपणे ड्रायव्हिंग स्कूलसारखा पाय पूर्ण उचलला आणि ब्रेकवर ठेवला.

गंजगोलाईच्या बाजाराच्या ऐन तोंडाशी गाडी बंद पडली.

चालू केली, दहा हात गेलो, पुढं हातगाडी आडवी आली, थांबलो. बंद. मागं ऑटोंची रांग लागली. एक ऑटोवाला मान बाहेर काढून म्हणाला, "ओ मामा, येत न्हाई तर कशाला गाडी काढता बाजारात?" इतकी वर्षं मी त्याच गोलाईतून गाड्या ट्रायलला नेल्या होत्या. मला मामा कुणी म्हणालं नव्हतं. मी खिडकीतून ओरडून सांगणार होतो की मी मिस्त्री आहे, आणि तेवढ्यात लक्षात आलं की मॅडमना तर तेवढंही सांगता येत नव्हतं.

कशीबशी गाडी कडेला घेतली. रुमाल शोधायला डाव्या बाजूचा कप्पा उघडला तर त्यात ती छोटी वही होती. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. मी वाचली.

पट्टीनं रकाने आखले होते. वार, ठिकाण, किती वेळा, कारण. पहिल्या पानावर: सोमवार, शिरूर ताजबंदचा चौक, दोनदा. मंगळवार, घरणी नदीचा पूल संपताना, एकदा. कारणाचा रकाना रिकामा. असं पानभर. मग ज्या दिवशी मी सांगितलं होतं त्या दिवसापासून पुढं कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात एकच शब्द. पाय. पाय. पाय. शेवटची नोंद होती: गुरुवार, शाळेच्या फाटकात, प्रार्थनेच्या रांगेसमोर, तीनदा. पाय. त्यापुढची पानं कोरी होती.

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही त्याला.

गॅरेजात येऊन झडपेचा सगळा भाग खोलला. हे मी आधीच करायला हवं होतं. गाडी बंद पडते असं सांगणारा पुरुष असता तर पहिल्याच दिवशी केलं असतं. झडप स्वच्छ होती. मग बगलेच्या छिद्रावर तळहात धरून तो भाग उलटा केला आणि पान्याच्या मुठीनं हलकेच ठोकला. तळहातावर काहीतरी पडलं. तांदळाचे तीन दाणे, एकमेकांना चिकटलेले, लाल-पिवळे. नाकाशी नेले. नव्या इंजिन ऑईलचा वास.

अख्ख्या लातुरात तशा अक्षता एकच माणूस करत होता.

सगळं डोळ्यांपुढं आलं. नवरात्रात मॅडमची गाडी माझ्याकडं होती. हवा गाळणारी जाळी बदलायची म्हणून मी तिचा डबा उघडला, झाकण हवेच्या नळीसकट उताणं करून बाजूला टेकवलं. नवी जाळी आणायची तर नवमी-दसरा दुकानं बंद. गाडी तशीच उघड्या डब्यानं उभी होती आणि खंडेनवमीला मी मोठ्या भक्तीनं मूठभर अक्षता थेट इंजिनावर उधळल्या. काही त्या उताण्या झाकणात पडल्या, तेलामुळं नळीच्या सुरकुत्यांत चिकटल्या. दसऱ्यानंतर मी आत न बघता झाकण लावलं. मग इंजिनाच्या उष्णतेनं तेल सैल झालं, दाणे सरकत सरकत झडपेपाशी आले. बाकीचे इंजिनानं खाल्ले असतील. हे तीन छिद्राच्या वळणात जाऊन बसले. पाय पूर्ण काढला की सगळी ओढ त्या छिद्रावर यायची, दाणे उचलून तोंड बुजवायचे आणि गाडी बंद. गाडी बंद पडली की ओढ संपायची, दाणे पुन्हा खाली पडायचे, छिद्र मोकळं. मशीन लावावं तर दोष नाही. आणि आम्ही जे पुरुष चालवून बघायचो ते रेस देत थांबायचो, म्हणजे मोठी झडप उघडीच ठेवायचो. आम्हाला ते छिद्र लागतच नव्हतं.

गाडी चुकीची चालवत होतो आम्ही सगळे. नियमानं चालवणारी एकच बाई होती.

खाजाभाई चहा घेऊन आले. मी तळहात दाखवला आणि सांगितलं. त्यांनी दाणे बोटानं उलटेपालटे करून बघितले.

"मिस्त्री, बोलना कायकू?" ते म्हणाले. "सेन्सर खराब था बोल दो. बात खतम. गाडी तो कल इस्लापूर जारी."

ते वाईट हेतूनं बोलत नव्हते. गाडी आता ठीक होती. इस्लापूरच्या माणसाला ठीक गाडी मिळाली असती. माझं नाव राहिलं असतं. मॅडमना कळलंच नसतं, आणि ज्यांना कळत नाही त्यांना दुःख होत नाही, असं मी चहा संपेपर्यंत स्वतःला सांगत होतो. पण त्या कोऱ्या पानांचं काय करायचं?

संध्याकाळी दाणे कागदाच्या पुडीत बांधले, वही घेतली आणि लंगडत त्यांच्या घरी गेलो. मॅडम पेपर तपासत होत्या. अभिजित मोबाईल घेऊन बसला होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पुडी उघडून टेबलावर ठेवली.

अभिजित म्हणाला, "पण मिस्त्री, मी किती वेळा चालवली. माझ्याकडून कधीच बंद पडली नाही."

"सर, तुमी थांबताना रेस देता."

"मी नाही देत."

"देतोस," मॅडम म्हणाल्या. त्या त्या तीन दाण्यांकडं बघत होत्या. "तुझे बाबाही द्यायचे."

मग त्यांनी चष्मा काढून ठेवला. "व्यंकटराव, म्हणजे माझा पाय बरोबर होता?"

"होता."

"कधीपासून?"

"पयल्यापासून, मॅडम. चुकलं माझं. पूजाबी माझीच अन् बोललोबी मीच."

त्या रागावतील, रडतील, काहीतरी म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी वही पुढं ओढली, पानं उलटली. मी म्हणालो, "त्या पायावर रेघ मारा की. लाल पेन हाय तुमच्या हातात."

"रेकॉर्डवर खाडाखोड करत नसतात," त्या म्हणाल्या. "स्वतंत्र पत्र लागेल. तुमच्याकडं लेटरहेड आहे का?"

मी गॅरेजात जाऊन कपाटातला गठ्ठा काढला. वरची चार-पाच पानं पिवळी पडली होती, खालचं एक चांगलं निवडून आणलं. मला असलं लिहिता येत नाही म्हटल्यावर मॅडमनी मजकूर सांगितला, मी लिहिला. 'प्रमाणित करण्यात येते की श्रीमती बिराजदार यांचे वाहन थांबताना बंद पडण्यास त्यांच्या पायाचा कोणताही दोष कारणीभूत नसून, माझ्या गॅरेजमध्ये पूजेच्या वेळी माझ्याच हातून इंजिनात पडलेल्या अक्षता कारणीभूत आहेत. श्रीमती बिराजदार यांनी वाहन कायम नियमानुसार चालवले आहे.' खाली सही, तारीख. 'कायम' हा शब्द त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग अभिजितकडं बघून म्हणाल्या, "साक्षीदार म्हणून तुझी सही कर." त्यानं केली. पत्र टाचणीनं वहीच्या शेवटच्या नोंदीला लावलं.

इस्लापूरचे गृहस्थ रविवारी आले, पोहे खाऊन गेले.

सोमवारी सकाळी मॅडमनी मला शेजारी बसवलं. "चला, ट्रायल घ्या," म्हणाल्या. जळकोटपर्यंतच्या वाटेत किती गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येकाला त्या पाय पूर्ण काढायच्या, ब्रेक लावून गाडी जागेवर थांबवायच्या आणि रस्त्याकडं न बघता माझ्याकडं बघायच्या. इंजिन चालू असायचं. पहिल्या पाच-सहा वेळा मी "सॉरी मॅडम" म्हणालो. नंतर नुसती मान खाली घालत होतो.

शाळेच्या फाटकाशी आलो तेव्हा पोरं रांगेत उभी राहत होती. मॅडमनी गाडी रांगेसमोर उभी केली. पाय काढला. इंजिन स्लोवर चालत राहिलं. त्यांनी बंद केलं नाही. पोरं बघत होती, गुरुजी बघत होते, शिपाई फाटक धरून उभा होता. चांगलं मिनिटभर त्या तशाच बसल्या. मग चावी फिरवून स्वतःच्या हातानं गाडी बंद केली, पर्स घेतली आणि प्रार्थनेला गेल्या.

मी दोन एसट्या बदलून लातूरला आलो. उभ्यानं. अंगठा ठणकत होता. एका बाईनं जागा देऊ केली, मी घेतली नाही.

खंडेनवमीची पूजा मी सोडली नाही. फक्त त्यानंतर झाकणं आधी बंद करायला लागलो. बलबीर उस्ताद असते तर म्हणाले असते, हे मी तुला सांगायला पाहिजे होतं का?

मॅडम निवृत्त झाल्या. गाडी अजून त्यांच्याकडं आहे. माझं पत्र लॅमिनेट करून आरसी बुकाच्या शेजारी ठेवलंय. आता माझं गॅरेज नाही, तरी दर नवमीला त्या गाडी घेऊन घरी येतात, बोनेट लावलेलंच ठेवतात आणि वरूनच अक्षता वाहतात. तेलातल्या. मीच करून देतो.

पण गाडी दारातून निघाली, की मला दुसऱ्याच गोष्टी आठवतात. तीस वर्षांत आणखी किती बायकांना मी हात पुसत पुसत "पायाचं हाय" म्हणालो असेन. एक नर्सबाई होत्या, लाल गाडीवाल्या. एक बँकेतल्या होत्या. उदगीरच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्या दोनदा आल्या होत्या. नंतर त्या परत आल्या नाहीत. आणि मी समजत होतो, गाडी बरी झाली.

त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर यावं. घर तेच आहे. लेटरहेड अजून बरीच शिल्लक आहेत.